नाव काय ठेवलंस?

‘नाव काय ठेवलंस?’

आमच्या ऑफिसात कोणीही नवीन ॲप चढवलं की मागून हा प्रश्न यायचाच. ताई चाकांची खुर्ची पायांनी ढकलत टेबलाशी यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या आणि पाळण्यात डोकावावं तसं स्क्रीनमध्ये डोकावायच्या. आपण ‘टेस्ट-वन’ म्हणालो की चष्मा परत कपाळावर.

‘हे नाव आहे की लॉजमधल्या खोलीचा नंबर?’

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. सगळे त्याला हसतात, आणि ते रजेवर गेलं की कोणालाच काही सापडत नाही.

मरोळला एका गाळ्यावरच्या मजल्यावर आमचं नऊ जणांचं ऑफिस होतं. वाचनालयं, क्लासेस, दवाखाने, हाउसिंग सोसायट्या अशा छोट्या संस्थांना आम्ही ॲप करून द्यायचो. करून द्यायचो म्हणजे काय, ब्राउझरमध्ये एक डॅशबोर्ड उघडायचा. त्यात तयार टेम्प्लेटं मांडलेली असत. नोंदणीचं, वेळापत्रकाचं, पुस्तकांच्या देवघेवीचं. हवं ते निवडायचं, सात-आठ रकाने भरायचे आणि निळं बटण दाबायचं. चार मिनिटांत कुठल्यातरी सर्व्हरवर ते ॲप उभं राहायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, कांदिवलीहून येणारी, नवी कोरी इंजिनिअर. हे काम मला फार किरकोळ वाटायचं. त्यात एक पन्नाशीच्या बाई प्रत्येक रकाना मोठ्याने वाचल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत, याची तर गंमतच वाटायची.

ताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, राहायला दिंडोशीला. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी वीस वर्षं काढली होती. तिथल्या डॉक्टरांनी वयामुळे लॅब बंद केली, तेव्हा आमच्या सरांनी त्यांना फोन घ्यायला म्हणून ठेवलं. सहा महिन्यांत आमच्या खांद्यावरून बघून बघून त्या डॅशबोर्ड शिकल्या. कोडिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांनी चढवलेलं ॲप कधी उलटून आलं नाही.

‘टेम्प्लेट म्हणजे काय ते मला नको शिकवूस,’ त्या मला म्हणाल्या होत्या. ‘आमच्या लॅबमध्ये छापील फॉर्म असायचा. हिमोग्लोबिन, साखर, सगळे रकाने तयार. तो फॉर्म कोणाचाच नसतो गं. वर नाव लिहिलं की मग तो कोणाचातरी होतो.’

ऑफिसातल्या वस्तूंनाही त्यांनी सोडलं नव्हतं. एसीच्या रिमोटवर चिठ्ठी, ‘हा टीव्हीचा नाही.’ राउटरवर, ‘बंद करू नये. आधी विचारावे.’ सरांच्या डब्यावर एकदा कोणीतरी चुकून डल्ला मारला, तर दुसऱ्या दिवसापासून त्यावर ‘सर’ आणि खाली बारीक अक्षरात ‘भेंडी आहे’. त्यानंतर त्या डब्याला कोणी हात लावला नाही.

एकदा मी मुलुंडच्या एका वाचनालयाचं ॲप चढवलं. सर्व्हर कुठल्या देशातला, हा रकाना मी बघितलाच नव्हता. ताईंनी बघितला.

‘अगं, मुलुंडच्या वाचनालयाला जर्मनीत कशाला पाठवलंस?’

‘यादीत सगळ्यात वर तेच होतं ना.’

‘वरचं घ्यायला ही काय केळी आहेत? काढ ते. मुंबई निवड.’

दुपारी चारला त्यांच्या यजमानांचा फोन यायचा. ते रिटायर होऊन घरी होते. फोन स्पीकरवर असल्यासारखाच त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू यायचा. ‘आज किती चढवलीस गं ढगात?’ ताई हळूच सांगायच्या, ‘तीन. सुखरूप पोचली.’

आता जे सांगणार आहे, ते मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

घाटकोपरला थॅलेसेमिया झालेल्या मुलांसाठी एक डे-केअर सेंटर होतं. या मुलांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागतं, आयुष्यभर. तिथल्या सिस्टर कागदी रजिस्टरला कंटाळल्या होत्या. कोणत्या मुलाची पाळी कधी, मागच्या वेळी काय त्रास झाला, पुढची तारीख कोणती, हे सगळं ॲपवर हवं होतं त्यांना. मी टेम्प्लेट निवडलं, त्यांना दोन आठवडे वापरून बघा म्हटलं. वापरून बघायचंच होतं, म्हणून नाव दिलं ‘टेस्ट-टू’. रोज आपोआप प्रत काढून ठेवण्याचा एक चौकोन होता, त्यावर खूण केली नाही.

सिस्टरना ॲप आवडलं. दोन आठवडे संपले आणि त्या त्यातच लिहीत राहिल्या. जुन्या नोंदीही त्यात उतरवल्या आणि कागदी रजिस्टर रद्दीत गेलं.

‘ते आता खरं झालं ना?’ ताईंनी विचारलं. ‘नाव बदल त्याचं.’

चढवलेल्या ॲपचं नाव बदलता येत नसे. नवीन उभं करून सगळ्या नोंदी तिकडे न्याव्या लागत. तासाभराचं काम. मी ‘उद्या करते’ म्हटलं. महिन्याभराने त्यांनी परत विचारलं. मी परत उद्या म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘केलं.’

का म्हणाले, मला सांगता येणार नाही. त्यांच्या विचारण्याचा कंटाळा आला होता, एवढंच.

आठेक महिन्यांनी एका गुरुवारी सर म्हणाले, डॅशबोर्ड फार भरलाय, जुनी टेस्टची ॲप काढून टाक. मी वरच्या चौकटीत ‘टेस्ट’ लिहिलं. बावीस नावं आली. सगळ्यांवर एकदम खूण केली आणि लाल बटण दाबलं. ‘खात्री आहे का?’ असं डॅशबोर्डने विचारलं. मी हो म्हटलं. अकरा वाजले होते. मग मी चहा आणायला गेले.

साडेअकराला फोन वाजला. ताईंनी घेतला. ‘हो सिस्टर, बोला.’ मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. रिसीव्हर खाली ठेवून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. ढकलत आल्या नाहीत, तिथूनच विचारलं.

‘घाटकोपरच्या सेंटरचं नाव काय होतं?’

‘टेस्ट-टू,’ मी म्हणाले.

‘केलं म्हणाली होतीस.’

‘हो.’

‘बरं,’ ताई म्हणाल्या. माझ्या त्या खोट्याबद्दल त्या आयुष्यात एवढंच बोलल्या.

दीड तास आम्ही सगळ्यांनी डोकं लावलं. डॅशबोर्ड ज्या कंपनीचा होता तिच्या मदतकेंद्राला लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. काढलेलं परत मिळत नाही, प्रत ठेवली असती तर मिळालं असतं. सरांचा चेहरा उतरला होता. ते वाईट माणूस नव्हते, घाबरले होते.

‘तूर्तास सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगा,’ ते म्हणाले. ‘दोन दिवस मिळतील आपल्याला.’

‘सर, डाऊन आहे म्हटलं की त्या वाट बघत बसतील,’ ताई म्हणाल्या. ‘परत येईल म्हणून. ते येणार नाहीये. उद्या सकाळी तिथे मुलं येणारेत.’

ताईंनी पर्स उचलली.

‘मी जाऊन सांगते. हिला घेऊन जाते.’

‘मी येऊ?’ सरांनी विचारलं.

‘उद्या या. उद्या टायपिंगला माणसं लागतील.’

आम्ही रिक्षा केली. असल्फ्याच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलो. मी रडत होते आणि राजीनामा देते म्हणत होते. ताई समोर बघत बसल्या होत्या. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. समजूत घालतायत असं वाटू न देता, सहज बोलल्यासारखी.

लॅबमध्ये त्या तिशीच्या असताना एके दिवशी एकाच आडनावाचे दोन पुरुष रक्त द्यायला आले होते. ताईंनी दोन्ही नळ्या भरल्या आणि चिठ्ठ्या नंतर लावल्या. त्या उलटसुलट लागल्या. एका धडधाकट माणसाला चार दिवस वाटत होतं की आपल्याला रक्ताचा कॅन्सर आहे. चौथ्या दिवशी रजिस्टर ताडून बघताना चूक त्यांच्याच लक्षात आली. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि दोघांच्याही घरी त्या स्वतः गेल्या.

‘पहिल्या घरी शिव्या खाल्ल्या. त्या बऱ्या वाटल्या,’ ताई म्हणाल्या. ‘दुसऱ्या घरी त्या माणसाच्या बायकोने दार उघडलं. त्यांना आपला रिपोर्ट चांगला आलाय असंच माहीत होतं ना. ती हसली. उन्हातून आलात म्हणाली आणि पाणी आणून दिलं. तो ग्लास हातात धरूनच मी तिला सांगितलं. आधी खाली ठेवायला हवा होता. ठेवला नाही.’

रिक्षा पुढे सरकली.

‘राजीनामा दे हवा तर,’ त्या म्हणाल्या. ‘पण मग उद्या जी मुलं येतील त्यांचं कोण लिहून घेणार?’

सेंटर एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. आठ पलंग, भिंतीवर मुलांनी चिकटवलेली कागदी फुलपाखरं. प्रत्येक पलंगाशी लाल पिशवी टांगलेली, आणि खाली मुलं मोबाइलवर गेम खेळत पडलेली. सिस्टर साठीकडे झुकलेल्या, जाड वेणीच्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. ताई बसल्या नाहीत.

‘सिस्टर, तुमच्या नोंदी आमच्या हातून पुसल्या गेल्यात. त्या परत मिळणार नाहीत. मशीनची चूक नाही, आमची आहे.’

त्यांनी ‘आमची’ म्हटलं. मी शेजारी उभी होते.

सिस्टरनी मागे वळून पलंगांकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘तुम्हाला ओरडायला मला वेळ नाही. उद्या सकाळी विक्रोळीची एक मुलगी येणारे. तिचं काय करू?’

ती दहा वर्षांची होती. सतत दुसऱ्यांचं रक्त घेऊन तिच्या शरीरात काही प्रकारच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार झाली होती. म्हणजे गट जुळला तरी प्रत्येक पिशवी तिला चालत नसे. चुकीची चढली तर जिवावर बेतायचं. तिला नेमकं काय चालत नाही, ते सेंटरने आमच्या ॲपमध्ये लिहिलं होतं. त्यावरून आज संध्याकाळपर्यंत रक्तपेढीला पिशवी सांगायची होती. रक्तपेढीही नेहमीची नव्हती, त्या आठवड्यात दुसरीकडून मागवायचं होतं.

‘तिची फाइल घरी असेल,’ ताई म्हणाल्या. ‘फोन लावा.’

मुलीचे वडील एका कारखान्यात सुपरवायझर होते. सुदैवाने दुसऱ्या पाळीला जायच्या आधी घरीच होते. ताईंनी फोन घेतला.

‘दादा, घाई नको. फाइल काढा. लाल शिक्क्याचा कागद बघा. आता अक्षर अक्षर वाचा मला.’

वडिलांनी वाचलं. अँटी-सी, अँटी-ई.

‘सी मोठा की छोटा?’

‘काय फरक पडतो, ताई? सी तो सी.’

‘पडतो, दादा. दोन वेगळी रक्तं असतात ती.’

मला हे माहीत नव्हतं. सिस्टरना माहीत होतं, कारण त्यांनी ताईंकडे एकदम मान वर करून बघितलं. वडिलांनी फोटो पाठवला. हाताने लिहिलेला कागद होता. ई मोठा, ठसठशीत. सी त्याच्या निम्म्या उंचीचा. छोटाच दिसत होता.

‘छोटा आहे,’ मी म्हणाले.

‘दिसतोय छोटा,’ ताई म्हणाल्या. ‘पण अंदाजाने नको.’

कागदाच्या खाली तपासणाऱ्या रक्तपेढीचा शिक्का होता. ताईंनी तिथे फोन लावला. तीनदा कोणी उचलला नाही. चौथ्यांदा उचलला, त्यांनी तासाभराने करा म्हणून सांगितलं. ताई म्हणाल्या, ‘मी फोन चालूच ठेवते, तुम्ही रजिस्टर आणा.’ आणि त्या खरंच तशाच बसून राहिल्या, फोन कानाला लावून, वीस मिनिटं. त्या वेळात समोरच्या पलंगावरच्या एका मुलीला त्यांनी दुसऱ्या हाताने स्वेटरची बटणं लावून दिली. पलीकडून आवाज आला, ‘लिटल सी, कॅपिटल ई.’ ताईंनी ते दोनदा म्हणून घेतलं, मग एका कागदावर लिहिलं, छोट्या सीला खाली रेघ मारली आणि कागद सिस्टरच्या हातात दिला.

सिस्टरनी योग्य पिशवी सांगितली. मग त्या म्हणाल्या, ‘आता चहा घ्या दोघी. तुमच्याशी भांडायचंय मला, पण चहा झाल्यावर.’

त्या भांडल्या नाहीत. निदान तेव्हा नाही.

दुसऱ्या दिवशी विक्रोळीची ती मुलगी आली. तिला रक्त चढत होतं ते चार तास मी तिच्या पलंगाजवळ बसून इतर मुलांच्या फायली टाइप करत होते आणि दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघत होते. शेवटी तीच वैतागली. ‘दीदी, मी ठीक आहे. तू तुझं काम कर ना.’

एकेक मूल आपापल्या पाळीला येत गेलं, आईबापांच्या पिशवीतून फायली निघत गेल्या. चार आठवडे मी आणि ताई रोज सकाळी सेंटरला जात होतो. सर तीन दिवस येऊन टायपिंग करून गेले. एक आजोबा नातीला घेऊन यायचे, त्यांचं मराठी मला पटकन कळेना. ताईंनी कान टवकारले. ‘तुमी खंयचे?’ ‘कणकवलीचे.’ त्यानंतर त्या आजोबांनी नातीचा जन्मापासूनचा इतिहास तर सांगितलाच, वर त्यांच्या फणसांचाही सांगितला. ताईंनी दोन्ही ऐकले, नातीचा तेवढा मला लिहायला लावला.

नवीन ॲप ताईंनी मलाच चढवायला लावलं. तेच टेम्प्लेट. प्रत ठेवण्याच्या चौकोनावर खूण केली. नावाच्या रकान्याशी मी थांबले.

‘माझ्याकडे नको बघूस,’ ताई म्हणाल्या. ‘ज्यांचं आहे त्यांना विचार.’

सिस्टर सलाइनचा स्टँड ओढत चालल्या होत्या. त्या न थांबता म्हणाल्या, ‘‘डेकेअर-खरं’ लिही. म्हणजे परत कोणी खोटं समजून पुसणार नाही.’

हा टोमणा होता. मी तो टाइप केला. ते ॲप अजून त्याच नावाने चालू आहे.

शेवटच्या दोन-तीन मुलांच्या जुन्या नोंदी मिळाल्याच नाहीत. त्यांच्या फायली घर बदलताना हरवल्या होत्या. ते रकाने रिकामे राहिले, तिथे ताईंनी ‘माहिती उपलब्ध नाही, चूक आमची’ असं लिहायला लावलं. सर म्हणाले, ‘‘चूक आमची’ लिहायची काय गरज?’ ताई म्हणाल्या, ‘दहा वर्षांनी कोणी डॉक्टर वाचेल, त्याला वाटायला नको की आईबापांनी हयगय केली.’

पुढे दोन वर्षांनी आमची कंपनी पवईतल्या एका मोठ्या कंपनीने घेतली. तिथे ॲप आपोआप चढतात, नावंही यंत्रच देतं. ताईंना त्यांनी दुसरं काम देऊ केलं होतं. त्या नको म्हणाल्या आणि शनिवारी-रविवारी सेंटरला जायला लागल्या. कशासाठी, विचारलं तर म्हणायच्या, ‘फोन घ्यायला.’ मीही नोकरी बदलली. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. एका फोनमध्ये त्यांनी सांगितलं की यजमानांना मुंबई सोसवत नाही, वेंगुर्ल्याचं घर दुरुस्त करून घेतलंय, पुढच्या महिन्यात निघतोय.

निघायच्या आदल्या शनिवारी त्यांनी मला सेंटरला बोलावलं. मुलुंडला दुसरं सेंटर सुरू होणार होतं, त्याचं ॲप चढवायचं होतं. डॅशबोर्डचं खातं आता सेंटरनेच घेतलं होतं. मला वाटलं, मी चढवायचं. गेले तर डॅशबोर्डसमोर सिस्टर बसलेल्या. बासष्ट वर्षांच्या, दोन बोटांनी टाइप करणाऱ्या. आणि ताई त्यांच्या मागे उभ्या. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, माउसकडे जाऊ नयेत म्हणून. सिस्टर चुकत होत्या, मागे जात होत्या, परत सुरुवात करत होत्या. मी एकदा पुढे झाले. ताईंनी नुसती मान हलवली, तेवढ्याने मी थांबले.

पाऊण तास लागला. ॲप उभं राहिलं. तिथल्या दोन नर्स आणि तीन-चार मुलांच्या आया स्क्रीनभोवती जमल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, सिस्टर लाजल्या. मी ताईंना काहीतरी सांगायला वळले, तर मागे त्या नव्हत्या.

खिडकीशी गेले. खाली त्या रिक्षात बसत होत्या, पदर आत ओढून घेत होत्या. मी हाक मारली, पण रस्त्याच्या आवाजात ती पोचली नसावी. रिक्षा कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबली. ताई पुढे वाकून, काचेवर रंगवलेल्या अक्षरांकडे बोट दाखवत रिक्षावाल्याला काहीतरी विचारत होत्या, आणि तो मागे वळून हसत हसत उत्तर देत होता. मग सिग्नल सुटला.